पाळणाघरातली नवी गाडी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला किळस येऊन चालत नाही, आणि मावशींना ती मुळात नव्हतीच. एखादं पोर दूध पिऊन त्यांच्या खांद्यावर ओकलं, तर आधी त्या त्याची पाठ चोळायच्या, मग त्याचं तोंड पुसायच्या, आणि आपल्या खांद्याकडे बघायची पाळी सगळ्यात शेवटी यायची. गळकी नाकं, ओल्या चड्ड्या, चघळून चघळून लगदा झालेला आणि मग मोठ्या प्रेमानं "मावशी, घे" म्हणून पुढे केलेला बिस्किटाचा तुकडा, यातलं काहीच त्यांना वर्ज्य नव्हतं. तो तुकडा त्या खरोखर तोंडात टाकत. पोराची सख्खी आई समोर उभी असली तर तीसुद्धा तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची.

घर दुमजली होतं. वर नवराबायको राहत, आणि खाली, थेट रस्त्यावर दार उघडणाऱ्या लांबट खोलीत पाळणाघर होतं. ती खोली मावशींनी पोरांच्या मापानं करून घेतली होती. हात धुवायचा नळ मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. तो बसवताना प्लंबरनं "बाई, इथं माणूस हात कसा धुणार?" म्हणून हुज्जत घातली, तेव्हा मावशींनी त्याला उकिडवं बसवून तिथंच हात धुवायला लावले होते. भिंतींना खालच्या निम्म्या भागात तेलरंग होता, कारण पोरांचे हात तिथवरच पोचतात आणि तो ओल्या फडक्यानं पुसून निघतो. झोपायच्या चटया आतल्या भिंतीलगत, कारण रस्त्याकडच्या बाजूला हॉर्न ऐकून पोरं दचकतात. गल्लीतली निम्मी माणसं त्या चटयांवर लोळून मोठी झाली होती, आणि त्यातली काही आता आपापली पोरं तिथं आणून सोडत होती. या खोलीत त्या मावशी होत्या. जिना चढून वर गेल्या, की नुसत्या 'अगं'.

वर साहेब असत. साहेब म्हणजे मावशींचे यजमान, वजनमापं खात्यातले निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. लाच कधी घेतली नाही. ती तत्त्वापायी घेतली नाही, की नोटांना लागलेल्या घामापायी, हे मात्र सांगणं कठीण आहे, कारण साहेबांना जगातल्या यच्चयावत गोष्टींची किळस होती. बसमध्ये सीट रुमालानं पुसून मग टेकायचे. दुकानदारानं पुढे केलेल्या चहाच्या कपाकडे असं बघायचे, की बिचारा कप उचलून आत न्यायचा. खालच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथं वास येतो म्हणे. मावशींनी वर यायचं ते थेट न्हाणीघरात जायचं, कपडे बदलायचे आणि मगच त्यांच्या ताटाला हात लावायचा. हे कसं सोसता, असं कोणी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "स्वभाव आहे." स्वभाव या एका शब्दाखाली घराघरांतून काय काय झाकलेलं असतं, त्याला काही सुमार नाही.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी जाहीर केलं, की गाडी घ्यायची. साधी नव्हे. जिच्या नाकावरचं चिन्ह ओळखून हॉटेलचा दारवान धावत येतो, तसली. खात्यातले वरिष्ठ तसल्या गाडीतून उतरताना ते जन्मभर फायली छातीशी धरून बाजूला उभे राहिले होते, आणि ते दुखणं आत कुठंतरी बसलेलं होतं. दुखणं खोटं होतं असं कोणी म्हणणार नाही. औषध मात्र भलतंच निघालं.

मावशींच्या धाकट्या भावाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो एका संध्याकाळी मुद्दाम येऊन बसला.

"भाऊजी, घ्यायचीच तर तीनेक वर्षं वापरलेली घ्या," तो म्हणाला. "तीच गाडी, तेच इंजिन. पहिल्या मालकानं निम्मे पैसे जाळून ठेवलेले असतात, ते आपल्याला परत जाळावे लागत नाहीत."

"म्हणजे उष्टी गाडी घेऊ?"

"लोखंड उष्टं होतं का कधी?"

"सीट होते ना. तिच्यावर कोण बसलं असेल, काय काय केलं असेल. मला सांगू नकोस."

"अहो, तुम्ही सरकारी माणूस. घसारा म्हणजे काय ते मी तुम्हाला शिकवायचं का? साध्या गाडीची किंमत जिना उतरल्यासारखी उतरते. या बड्या गाड्यांची गच्चीवरून पडल्यासारखी पडते. पहिले धनी व्हायची हौस फक्त आकड्यात मोजली ना, तर झोप उडेल तुमची."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, जसं ते दुकानदाराच्या चहाकडे बघत. "ज्यांना परवडत नाही, ते असंच बोलतात," ते म्हणाले, आणि विषय संपला.

भाऊ जे बोलला ते शंभर टक्के खरं होतं. पण मावशींना मागाहून कळलं, की जी वापरलेली गाडी तो गळ्यात मारणार होता ती त्याच्याच मित्राची होती आणि मध्ये त्याची दलाली ठरलेली होती. म्हणजे खरं बोलणारासुद्धा खऱ्यासाठी बोलत नव्हता. गाडी या वस्तूभोवती माणसं जमली, की असलंच काहीतरी निघतं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये मावशींनाही जावं लागलं. हॉल इतका गार केलेला, की त्यांनी हात बगलेत घातले. मधोमध गाडी होती, तिच्यावर गुळगुळीत लाल कापड पांघरलेलं. टाय लावलेली एक मुलगी दोघांना हाताला धरून पुढे घेऊन गेली, कापडाचं एकेक टोक दोघांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सर, मॅडम, आता हळूच ओढायचं." वरून कुठूनतरी संगीत सुरू झालं. कापड सरकलं आणि भिंतीलगत ओळीनं उभ्या असलेल्या नोकरांनी टाळ्या वाजवल्या. पगारी टाळ्या. त्यातला एकजण टाळ्या वाजवता वाजवता घड्याळ बघत होता, कारण शेजारच्या पडद्यामागे दुसरं लाल कापड आणि दुसरं जोडपं वाट बघत होतं.

साहेबांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि मोठा श्वास घेतला. "नव्याचा वास," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मावशींनीही वाकून बघितलं. गोंद, रबर आणि चामड्याचा तो दाट वास त्यांच्या नाकात गेला आणि त्या दोन पावलं मागे आल्या. आयुष्यभर पोरांच्या ओकाऱ्या काढल्या, पण मळमळलं ते त्या दिवशी. त्यांना वाटलं, हॉल फार गार आहे म्हणून असेल.

गाडी ठेवायची कुठं, हे मावशींना साहेबांनी सांगितलं नाही. ते त्यांना गवंड्याकडून कळलं. दुपारी पोरं झोपलेली असताना तो फीत घेऊन आला आणि दाराची रुंदी मोजायला लागला.

"काय मोजता?" मावशींनी हळू आवाजात विचारलं.

"साहेबांनी सांगितलंय दार मोठं करायला. गाडी आत यायची आहे ना."

मावशी वर गेल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा न्हाणीघरात न जाता थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब तयारच होते. रस्त्यावर लावली तर पक्षी घाण करतात, चेंडू लागतो, कोणी चरा ओढतो. एवढ्या किमतीची वस्तू उघड्यावर टाकायची का, त्यांनी विचारलं. शिवाय हे कायमचं नाहीच. मागच्या अंगणावर पत्रा टाकला, की गाडी तिकडे आणि खोली परत तुझी. "थोडे दिवस काढ, अगं. एवढी वर्षं दुसऱ्यांचे शेंबूड पुसलेस, जरा आराम कर."

मावशींनी होकाराची मान हलवली. ही त्यांची चूक, आणि ती पदरात घालूनच पुढे सांगायला हवं. माणूस वाघाला भिऊन मान हलवतो तशी ती नव्हती. वाद घातला तर आवाज चढेल आणि खाली पोरं उठतील, एवढ्याच विचारानं ती हलली होती. पोरांच्या आयांना त्यांनी एकेक करून सांगितलं. कोणी गळ्यात पडून रडलं वगैरे नाही. "आता ऐन वेळी कुठं ठेवू मी याला?" म्हणून बहुतेक जणी चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. गवंड्यानं भिंत फोडली. गाडी आत आली, आणि तिचं नाक बरोबर पोरांच्या नळापाशी जाऊन थांबलं.

अंगणावरचा पत्रा आला नाही. तो कसा येणार? उरलेले पैसे विम्यात, जादा चकाकीच्या लेपात, चाकांच्या टोप्यांत आणि वासाच्या बाटल्यांत गेले. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली.

आणि गाडी? ती चालतच नव्हती. सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक साहेबांनी काढू दिलं नाही. बसायचं तर चपला बाहेर काढून. मावशींच्या केसांना तेल असतं म्हणून डोक्यामागे टॉवेल. पाऊस असला तर नाही, धूळ असली तर नाही, रस्ता उकरलेला असला तर नाहीच नाही. सुरुवातीला सुटीच्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि परत यायचं, आणि आलं की खाली वाकून टायरमधले खडे काढायचे; पुढे तेही बंद झालं. भाजी आणायला साहेब बसनं जायचे, सीट पुसून. घेताना ज्या माणसाला घसारा हा शब्द कानावर नको होता, त्याला आता दुसरं काही सुचेना. वर्तमानपत्रातल्या वापरलेल्या गाड्यांच्या जाहिराती ते रोज वाचायचे. आपल्या गाडीच्या जातीची कुठली किती उतरली ते बघायचे आणि म्हणायचे, "यांनी वापरून वापरून चिंध्या केल्या. आपली नवीच आहे. आपली किंमत टिकणार." घेतलेली वस्तू वापरायची नाही, पुढे विकण्यासाठी जपायची आणि विकायची मात्र नाही, या हिशेबाला काय म्हणावं? जन्मभर लोकांचे तराजू तपासलेला माणूस हा.

मावशी वरच असायच्या. खिडकीतून गल्ली दिसायची. जी पोरं पूर्वी खाली असती, ती आता गळ्यात घराची किल्ली अडकवून शाळेतून यायची आणि आई येईपर्यंत कोणाच्या तरी पायरीवर बसून राहायची.

त्यातलंच एक, शिंप्याचा मुलगा, एका दुपारी पायरीवरून उडी मारताना तोंडावर आपटला. हनुवटी फाटली. मावशी धावत खाली गेल्या तेव्हा त्याचा शर्ट लाल झाला होता आणि भीतीनं त्याला रडूही येत नव्हतं. त्यांनी टॉवेल दाबून धरला, त्याला कडेवर घेतलं आणि जिन्याखालून हाक मारली, "अहो, गाडी काढा. टाके घालावे लागतील."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ते लगेच खाली आले, किल्ली घेऊन आले. गाडीचं मागचं दार उघडलं, आत बघितलं, पोराकडे बघितलं आणि म्हणाले, "एक मिनिट." मग ते वर गेले आणि प्लास्टिकचा मोठा कागद घेऊन आले. तो सीटवर घातला. त्याची टोकं खाचेत खोचली. मग पाय ठेवायच्या जागेवर वर्तमानपत्रं पसरली. दाराच्या आतल्या बाजूला डाग पडेल असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण ते चिकटपट्टी शोधायला लागले.

"अहो," मावशी म्हणाल्या.

"झालंच. टॉवेल घट्ट धर, खाली ठिबकतंय."

तेवढ्यात लॉन्ड्रीचा टेम्पो गल्लीत शिरला. मावशी पोराला घेऊन सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं एक शब्द विचारला नाही. मागची फळी उघडून दोघांना कुठल्याशा हॉटेलच्या पांढऱ्या चादरींच्या ढिगावर बसवलं. मावशी चादरी बाजूला सारायला लागल्या तर म्हणाला, "असू द्या मावशी, धुवायलाच चाललोय." आणि टेम्पो पळवला.

टाके पडले, पोर घरी आलं, संध्याकाळी त्याला बिस्किट हवं होतं. म्हणजे तसं काही विपरीत घडलं नाही. मावशी परत आल्या तेव्हा साहेब गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेले होते आणि मागचा सगळा भाग, छतापर्यंत, प्लास्टिकनं मढवलेला होता. चिकटपट्टीच्या रेघा सरळ होत्या. कोपरे नीट मुडपलेले होते.

"मी निघतच होतो," साहेब म्हणाले. "तुलाच दम नाही."

मावशींनी ते मुडपलेले कोपरे बघितले आणि त्यांच्या पोटात ढवळून आलं. शोरूममध्ये आलं होतं तसंच, पण आता हॉल गार आहे म्हणायची सोय नव्हती. त्यांना आपल्या नवऱ्याची किळस आली. त्याच्या स्वच्छ नखांची, वासाच्या साबणाची, इस्त्रीच्या बाह्यांची. रक्तानं भरलेला टॉवेल त्यांनी हातात घट्ट धरला होता आणि त्याची त्यांना अजिबात किळस येत नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांनी आपलं ताट उचललं आणि खिडकीपाशी जाऊन जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ती गाडी विका."

"आत्ता? किंमत टिकून आहे तिची."

"मग टिकलेली किंमत घ्या आणि विका."

साहेबांना ते झोंबलं. विकायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण आपला हिशेब बरोबर आहे हे दाखवायची संधी त्यांना सोडवेना. त्यांनी त्याच शोरूमला फोन केला. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा माणूस दोन दिवसांनी आला. कंपनीचा शर्ट, पाठीवर पिशवी, तोंडात च्युइंगम.

"सीटवरचं प्लास्टिक काढा सर, खालचं बघायचंय."

साहेबांनी स्वतःच्या हातानं प्लास्टिक ओढलं. ते निघेना. ओढून ओढून निघालं तेव्हा कुबट, आंबूस भपकारा खोलीभर पसरला. आत कोंडलेल्या दमटपणानं चामड्यावर हिरवट पांढरी बुरशी धरली होती आणि प्लास्टिकच्या घड्यांचे वळ उमटले होते. नव्याचा वास जिथं राखून ठेवला होता, तिथं हा तयार झाला होता.

त्या माणसाला याचं काही नवल वाटलं नाही. त्यानं पिशवीतून कागदी आवरण काढलं, ड्रायव्हरच्या सीटवर अंथरलं आणि मग बसला. स्टिअरिंगलाही कागदाची टोपी घातली.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"वापरलेल्या गाडीत बसताना घालतो सर आम्ही. नियमच आहे. आधी कोण बसलेलं असतं, काय सांगावं?"

 साहेबांचा चेहरा मावशींनी बघितला आणि त्यांना दयाही आली नाही, आनंदही झाला नाही.

किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. गाडी उभी राहून राहून बॅटरी मेलेली होती. टायर एका बाजूला बसले होते. मग बॉनेट उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं. मावशींच्या जुन्या चटयांच्या काड्या, वायरींच्या साली, लेंड्यांचा थर, आणि कोपऱ्यात एक मेलेला, चांगला फुगलेला. साहेब तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले आणि ओकले. मावशींनी कागदाच्या चिमटीत शेपटी धरून उंदीर उचलला, बाहेर टाकला, आणि परत येऊन साहेबांचं सांडलेलं पुसून घेतलं. त्या कामाची त्यांना सवय होती.

मग त्या माणसानं किंमत सांगितली. ती घेतल्या किमतीच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"पण ही चाललीच नाहीये," साहेब म्हणाले. "काटा बघा तुम्ही. नवी आहे ही."

"सर, शोरूमच्या दारातून बाहेर पडली तेव्हाच ती जुनी झाली. चालवली असती तरी एवढेच आले असते. थोडे जास्तच, उंदीर लागले नसते तर."

"मग मी थांबतो. भाव येईल तेव्हा विकीन."

"गाड्यांना भाव येत नाही सर. जातो." त्यानं च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि पिशवीतून चकचकीत पुस्तिका काढली. "याच्यात एक मार्ग आहे. नवीन मॉडेल आलंय. ते घेतलंत तर जुनीचे थोडे जादा देतो आम्ही. तेवढाच तोटा कमी."

मावशींना वाटलं, आता साहेब त्याला हाकलून देतील. कोणीही दिलं असतं. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, हात पुढे केला आणि पुस्तिका घेतली. पानं उलटताना त्यांचे डोळे तसेच मिटत आले, जसे लाल कापड ओढल्यावर मिटले होते. इतकं होऊनसुद्धा. अंगात घाण भिनते म्हणतात ती चिखलाची नसते.

तो माणूस गेल्यावर साहेब वर गेले आणि फीत घेऊन खाली आले. पुस्तिकेतला आकडा बघत त्यांनी खोलीची लांबी मोजली.

"नवीन जरा लांब आहे," ते म्हणाले. "हा नळ मात्र काढावा लागेल. नाहीतरी आता काय उपयोग त्याचा?"

मावशी फडकं पिळत होत्या. त्यांनी नळाकडे बघितलं. पत्रा येणार नव्हता, अंगण होणार नव्हतं. एका गाडीमागून दुसरी येईल, तिच्यामागून तिसरी, प्रत्येक थोडी जास्त लांब, आणि ही खोली त्यांच्या हातात पुन्हा कधी पडणार नाही, हे त्यांना तेव्हा स्वच्छ दिसलं. मान हलवायची वेळ परत आली होती. त्यांनी ती हलवली नाही.

"नळाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण गाडी..."

"गाडीचं तुम्ही बघा. विका, ठेवा, दुसरी आणा, डोक्यावर घ्या. मला तिची किळस येते आणि आता तुमचीही येते. ही खोली उद्यापासून चालू."

साहेब हसले. असल्या धमक्या बायका देतात आणि संध्याकाळी चहा करतात, असा त्यांचा अनुभव होता. चहा त्या संध्याकाळी झाला नाही. मावशी गल्लीत गेल्या होत्या, दारोदार.

सकाळी रस्त्याकडचं दार सताड उघडलं गेलं. गाडीनं निम्म्याहून जास्त खोली खाल्लेली होती, म्हणून तूर्त चारच पोरं घ्यायची असं मावशींनी ठरवलं होतं. त्यांनी गाडीच्या आणि भिंतीच्या मधल्या पट्ट्यात चटई घातली. शिंप्याचा मुलगा, हनुवटीला पट्टी लावलेला, सगळ्यात आधी आला आणि आपल्या उंचीचा नळ बघून थेट त्याच्यापाशी गेला. मग जुळ्या मुली आल्या, दोघींच्या हातात अर्धीअर्धी केळी. त्यांनी एवढी मोठी चकचकीत वस्तू आयुष्यात इतक्या जवळून बघितली नव्हती. त्यांनी दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले, नाकं काचेला लावली आणि जिभेनं चाटूनही बघितली.

जिन्यावरून साहेब धावत आले. पाळणाघर सुरू असताना ते पहिल्यांदाच त्या खोलीत उतरले असतील. "अगं, हात... त्यांचे हात बघ," म्हणत ते उभे राहिले. पोरींना बाजूला करायचं तर पोरींना हात लावावा लागणार होता. तो त्यांना लावता येईना. शेवटी ते दार उघडून गाडीतच शिरले, बुरशीच्या सीटवर पुस्तिका टाकून तिच्यावर बसले, दार ओढून घेतलं आणि खिशातला रुमाल काढून काच पुसायला लागले. आतून. केळ्याचे हात बाहेरच्या बाजूला होते.

पोरींना तो खेळ वाटला. त्या नव्या जागी हात लावायच्या आणि आतले आजोबा तिथं पुसायला सरकायचे.

चौथ्या पोराची आई घाईत होती. तिनं पोराला खाली ठेवलं, दप्तर मावशींच्या हातात दिलं, आणि जाता जाता थबकली.

"मावशी, आत कोण आहे?"

"साहेब आहेत."

"काय करतायत?"

"नवी ठेवतायत," मावशी म्हणाल्या.

बाईला काही कळलं नाही, आणि तिची बस यायची वेळ झाली होती. ती गेल्यावर मावशींनी दप्तर ठेवायला इकडे तिकडे बघितलं. जागा कुठंच उरलेली नव्हती. त्यांनी ते गाडीच्या आरशाला अडकवलं आणि पोराचं नाक पुसायला बसल्या.